रागाचं नाव नंतर, आधी सम : शिकणाऱ्यानं बैठक कशी ऐकायची

गाण्याच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी एकच प्रश्न विचारते, ‘बड्या ख्यालात समेवर कोणतं अक्षर येत होतं?’ बडा ख्याल म्हणजे संथ लयीत गायची मोठी रचना, आणि सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची, आवर्तनाची, पहिली मात्रा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मॅडम, पूरिया धनाश्री होता. लई भारी झालं.’ रागाचं नाव तर निवेदकानंच सांगितलेलं असतं.

परभणी, सेलू, अंबाजोगाई, नांदेड अशा ठिकाणच्या मुलांना कलाकारासमोर बसून ऐकायला मिळतं ते वर्षातून मोजक्याच वेळा. त्यातली एक बैठक अशी रिकाम्या हातानं गेली की जीव हळहळतो. मुलं आळशी नसतात. त्यांचा ऐकण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी रागाचं नाव शोधायचं, मग ताना मोजायच्या, मग फोटो काढायचा, आणि सम राहूनच जाते. क्रम नेमका उलटा हवा. पहिल्यांदा षड्ज (म्हणजे सा), मग सम, मग बंदिशीचे (गायच्या रचनेचे) शब्द, मग रागाची चाल. नाव सगळ्यात शेवटी.

प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या संगीत परीक्षा देणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. गाणाऱ्यांसाठी आहेच, पण हार्मोनियम, सतार, बासरी शिकणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

टप्पा १ : बैठक निवडा

पहिल्या दोन-तीन वेळा मोठ्या महोत्सवाला जाऊ नका. अंबाजोगाईला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो. तिथं जरूर जायचं, पण कान थोडे तयार झाल्यावर. मोठ्या मंडपात विद्यार्थी मागे पडतो, तबल्याचा आवाज कर्ण्यातून येतो आणि डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, घुमणाऱ्या भागाची) घुमार तर बऱ्याचदा चिखलासारखी पसरते. मग ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, ओळखायचा कसा?

सुरुवात पन्नास-शंभर माणसांच्या बैठकीनं करा. कुणाच्या घरचा हॉल, देवळाचा सभामंडप, एखाद्या संगीत विद्यालयाची गुरुपौर्णिमा. अशा बैठकांच्या जाहिराती छापून येत नाहीत. त्या गुरुजींना आणि तबलजींना माहीत असतात, त्यांना विचारत राहा. घरगुती बैठक असेल तर यजमानांना आधी फोन करून ‘आम्ही तिघं येऊ का?’ असं विचारायचं. एकाला बोलावलं म्हणून सहा जण घेऊन जायचं नाही.

टप्पा २ : आठ दिवस आधीची तयारी

ही तयारी न करता गेलात तर पुढचे टप्पे हाती लागणार नाहीत. रोज वीस मिनिटं पुरतात.

*पहिलं काम, एकताल बोटांवर बसवणे.* बडा ख्याल बहुतेकदा विलंबित (संथ लयीच्या) एकतालात असतो. एकतालाच्या मात्रा १२, आणि अंगठा सोडला तर चार बोटांची पेरंही बारा. करंगळीच्या तळच्या पेरावर अंगठा ठेवून सुरू करा, प्रत्येक बोटावर तीन मात्रा :

करंगळी : धिं, धिं, धागे
अनामिका : तिरकिट, तू, ना
मधलं बोट : कत्, ता, धागे
तर्जनी : तिरकिट, धी, ना

दोन्ही ‘तिरकिट’ बोटाच्या तळच्या पेरावर येतात, हे ध्यानात ठेवा. पुढे याचा फार उपयोग आहे.

आता लय उतरवा. विलंबितात एक मात्रा साधारण चार सेकंदांचीसुद्धा असते. म्हणजे एक आवर्तन ४८ सेकंदांचं. इतक्या वेळात मन भटकतं आणि मात्रा निसटते. म्हणून प्रत्येक पेरावर मनात ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणायचं आणि मगच अंगठा पुढे सरकवायचा. तळव्यात, मांडीवर हात ठेवून, शेजारच्याला कळणार नाही असं.

*दुसरं काम, फक्त तबला ऐकणे.* विलंबित एकतालातलं कोणतंही एक ध्वनिमुद्रण घ्या आणि गाण्याकडे कान न देता फक्त ठेका ऐका. पहिले दोन दिवस काहीच सापडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘तिरकिट’ वेगळं ऐकू यायला लागतं. त्यासाठी रोज नवं ध्वनिमुद्रण लावू नका, एकच धरून ठेवा.

*तिसरं काम, वेळेचे राग चाळणे.* कार्यक्रम संध्याकाळी सहाचा असेल तर मारवा, पूरिया धनाश्री, यमन. रात्री नऊनंतरचा असेल तर बिहाग, बागेश्री, मालकंस. सकाळचा असेल तर भैरव, तोडी. यातल्या तीन-चार रागांचे आरोह-अवरोह आणि मुख्य अंग म्हणून ठेवा. कलाकार दुसरंच काही गाईल, गाऊ दे. तयारी वाया जात नाही.

> तपासा : एकतालाची सलग पाच आवर्तनं तुम्ही विलंबित ध्वनिमुद्रणाबरोबर न चुकता समेवर आणू शकता का? येत नसेल तर तिसरं काम सोडा आणि राहिलेले दिवस पहिल्या दोनांनाच द्या.

टप्पा ३ : त्या दिवशीची पिशवी आणि परतीची बस

उघड्या मैदानावरचे कार्यक्रम ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे साधारण रात्री दहाला आटोपतात. बंदिस्त सभागृहातले आणि घरातले लांबतात. आयोजकांना संपण्याची वेळ विचारा आणि शेवटच्या एसटीशी ताडून बघा. बस नऊचीच असेल तर दाराजवळ बसा आणि एक राग संपून दुसरा सुरू होण्याच्या मधे उठा. विलंबित भरात असताना उठणं म्हणजे कुणी बोलत असताना पाठ फिरवण्यासारखं आहे. शक्य असेल तर गावातल्या नातेवाइकाकडे किंवा मैत्रिणीकडे मुक्काम करा. बसच्या काळजीत सम सापडत नाही.

जेवण हलकं करून जा. पोट तुडुंब असेल तर विलंबितात डोळे मिटतात, अगदी उपाशी असाल तर लक्ष घड्याळाकडे राहतं. तीन तास मांडी घालून बसता येईल असे सैल कपडे घाला. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा शाल घ्या. विंडचीटर नको, प्रत्येक हालचालीला तो सळसळतो. प्लास्टिकच्या पिशवीचंही तेच. कापडी पिशवी, छोटी वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. पेन्सिल अशासाठी की खटका दाबायचं पेन शांत खोलीत वाजतं.

> सावधान : फोन सायलेंटवर टाकला तरी अलार्म वाजतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा आठ वाजताचा औषधाचा अलार्म मंद्र (खालच्या) सप्तकातल्या आलापीच्या मधोमध वाजला. गायिकेनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. ती पोर पुढे तासभर मान वर करू शकली नाही. फोन पूर्ण बंद करा.

टप्पा ४ : अर्धा तास आधी पोचा

वेळेवर पोचणं म्हणजे उशिरा पोचणं. कारण पहिला धडा कार्यक्रमाआधीच सुरू होतो, तंबोरे जुळवताना.

चपला बाहेर ओळीत. आत गेल्यावर पहिली रांग ज्येष्ठांसाठी आणि यजमानांच्या पाहुण्यांसाठी सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत अशी जागा धरा की तबलजींचे दोन्ही हात दिसतील. कलाकाराचा चेहरा थोडा तिरका दिसला तरी चालेल. मुलं नेमकं इथं चुकतात. चेहरा समोर हवा म्हणून मध्यभागी बसतात आणि डग्गा हार्मोनियमच्या आड जातो. पाय कलाकाराकडे पसरायचे नाहीत. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेची जागा घ्या, म्हणजे मधूनमधून पाय बदलता येतात.

आता तंबोऱ्याकडे लक्ष द्या. चार तारांतली पहिली तार बहुधा पंचमात असते, मग जोडीच्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची (खालच्या षड्जाची). पहिली तार मध्यमात लावली जात असेल तर पंचम नसलेला राग, उदाहरणार्थ मालकंस, येण्याची शक्यता असते. निषादात लावली जात असेल तर मारवा किंवा पूरिया. कलाकारानं तोंड उघडण्याआधीच तुमच्याकडे एक खूण आलेली असते.

टप्पा ५ : पहिली पाच मिनिटं फक्त षड्ज

गाणं सुरू झालं की वही उघडू नका. तंबोऱ्याचा षड्ज मनात धरा. ओठ मिटून, घशातून आवाज न काढता तो आत म्हणत राहा. कलाकार आलापीत कुठंही गेला तरी तुमचा षड्ज हलता कामा नये. तो हलला तर पुढे कोमल कुठला आणि शुद्ध कुठला हे ठरवता येत नाही.

पट्टी कोणती, म्हणजे गायकाचा षड्ज कुठल्या सुरावर आहे, ते बघायला मुलं हार्मोनियमच्या पट्ट्यांकडे टक लावतात. गायक षड्जावर थांबला की वादकाचं बोट कुठं आहे ते बघायचं, ही युक्ती ठीक आहे. पण स्केलचेंजर हार्मोनियम असेल तर ती फसवते. पट्ट्यांची अख्खी रांग सरकवलेली असते, त्यामुळे बोट पांढरी एकवर दिसतं आणि सूर काळी एक किंवा काळी दोनचा असतो. कानानं धरलेला षड्ज पक्का. पट्टीचं नाव नंतर विचारता येतं.

> सावधान : मोबाइलवरचा तंबोरा हळू आवाजात लावून पट्टी तपासायची नाही. आणि सोबत गुणगुणायचं तर मुळीच नाही. तुम्हाला वाटतं कुणाला ऐकू जात नाही. पुढच्या रांगेला स्वच्छ ऐकू जातं.

टप्पा ६ : सम धरा

बंदिश सुरू होते, तबला येतो. आता पुढची पंधरा मिनिटं तुमचं काम एकच. ताना, सरगम, कलाकाराची नजाकत सगळं बाजूला.

१. *मुखडा ओळखा.* गायक दर आवर्तनाच्या शेवटी बंदिशीचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा घेऊन समेवर येतो. तो मुखडा. पहिल्या तीन आवर्तनांत तो कानात बसतो.

२. *समेचं अक्षर पकडा.* मुखड्यातलं एक ठरावीक अक्षर दर वेळी समेवर पडतं. त्या अक्षरावर गायकाची मान किंवा हात खाली येतो, जाणकारांच्या माना हलतात. ते अक्षर मनात ठेवा. आता वही उघडा आणि तेवढं एकच अक्षर लिहा.

३. *बोटं सुरू करा.* समेवर अंगठा करंगळीच्या तळाशी. चार-चारच्या गतीनं पुढे.

४. *चुकलात तर ‘तिरकिट’ची वाट बघा.* चुकणारच आहात. चुकल्यावर अंदाजानं मोजत राहणं हीच मोठी चूक. बोटं थांबवा आणि तबला ऐका. एकतालात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. कुठलं तिरकिट हे त्याच्या पुढच्या बोलांवरून कळतं. पुढे ‘तू ना कत् ता’ असा कोरडा प्रदेश लागला तर ते पहिलं. पुढे डग्गा घुमला, ‘धी ना’ आलं, तर ते दुसरं, आणि ‘ना’नंतरची मात्रा सम. तिथं अंगठा पुन्हा करंगळीवर.

माझ्याकडची मध्यमा परीक्षेची एक मुलगी सेलूच्या एका घरगुती बैठकीत माझ्या शेजारी बसली होती. तिचा अंगठा दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा थांबला. तिसऱ्यांदा दुसरं तिरकिट आलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, अंगठा तर्जनीच्या दोन पेरांवरून सरकला आणि सम आली तेव्हा करंगळीवर होता. त्या रात्री तिला रागाचं नाव सांगता आलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तिची स्वतःची सम घट्ट झाली होती.

पुढे छोटा ख्याल येईल. तो द्रुत (जलद) तीनतालात असेल तर १६ मात्रा बोटांवर मोजत बसू नका, लय हाती लागत नाही. डग्गा ऐका. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत त्याची घुमार गायब होते. ती परत आली की चौदा, पंधरा, सोळा आणि सम.

> सावधान : रूपक तालात (७ मात्रा, ती ती ना धी ना धी ना) समेवरच खाली (डग्गा न घुमणारी मात्रा) असते. समेला डग्गा जोरात वाजणार असं धरून बसलात तर चौथ्या मात्रेलाच सम समजाल. आधी मात्रा सात आहेत का ते बघा.

> तपासा : डोळे मिटून सलग तीन वेळा समेवर आलात का? आलात तर पुढे जा. नाही आलात तर अख्खा बडा ख्याल याच टप्प्यावर घालवा. घाई करून पुढच्या टप्प्यावर उडी मारलीत तर दोन्हीकडचं हातून जाईल.

टप्पा ७ : आता राग ऐका

विद्यार्थिदशेत मी एका बैठकीत पहिली चाळीस मिनिटं ‘मारवा की पूरिया?’ या एका प्रश्नात घालवली. स्वर सगळे सापडले होते : कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण दोन्ही रागांचे स्वर तेच आहेत, सोहनीचेही तेच. स्वरांची यादी करून उत्तर कधीच मिळणार नव्हतं. फरक राग कुठं राहतो त्यात असतो. पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तार सप्तकाकडे धावते, मारवा रिषभ आणि धैवतावर उभा राहतो.

म्हणून स्वर मोजू नका. तीन गोष्टी बघा. गायक कोणत्या स्वरावर येऊन थांबतो? कोणता स्वर टाळून पुढे जातो? आणि कोणता छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो? भूप आणि देशकाराचे स्वर एकच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. यमनात ‘नि रे ग’ असा षड्ज ओलांडून जाणारा तुकडा दहा मिनिटांत वीस वेळा तरी भेटेल.

वहीत वाक्यं लिहू नका. सरगमचे तीन-चार तुकडे, थांबण्याचा स्वर, बास. पान भरून लिहिणाऱ्या मुलाचे डोळे वहीत असतात आणि तेवढ्यात समोर एक जागा, म्हणजे सुरांचा एखादा सुंदर तुकडा, येऊन गेलेली असते. बंदिशीचे शब्द कळले तेवढेच लिहा, न कळलेल्या जागी रेघ ओढा. अंदाजानं भरलेला शब्द पुढे वर्षानुवर्षं चुकीचा गायला जातो.

टप्पा ८ : दाद

छोट्या बैठकीत दाद कलाकारापर्यंत थेट पोचते. त्यामुळे चुकीची दादही थेट पोचते. टाळ्या राग संपल्यावर. मधे दाद द्यायची ती ‘वा’, ‘क्या बात है’ एवढीच, हळू आवाजात, आणि जागा पूर्ण झाल्यावर. अवघड तान किंवा तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर आली की मग. समेच्या आधीच ‘वा’ म्हटलं तर समच झाकली जाते. आपल्याला सम सापडलेली नसेल तर शेजारच्याचं बघून दाद देऊ नका. गप्प बसून मन लावून ऐकणारा विद्यार्थी कलाकाराला दिसतो.

फर्माईश विद्यार्थ्यानं करायची नाही. ‘अभंग होऊ द्या’ असं मागून ओरडणं तर नकोच. कलाकारानं रचलेला क्रम असतो : बडा ख्याल, छोटा ख्याल, कधी तराणा, मग एखादी ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग, शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाल्यावर चपला शोधायला उठू नका. ती कार्यक्रमाची सांगता असते, पण तिच्यातही शिकण्यासारखं भरपूर असतं.

> सावधान : ध्वनिमुद्रण फक्त कलाकाराला आणि आयोजकांना आधी विचारून. नाही म्हणाले तर तिथं विषय संपला. परवानगी मिळाली तरी फोन हातात धरून बसू नका, एका जागी ठेवून द्या.

टप्पा ९ : कलाकाराला भेटणं

गाणं संपल्यावर कलाकार दमलेला असतो, घसा कोरडा असतो. आधी त्यांना पाणी, चहा घेऊ द्या. मग जाऊन नमस्कार करा, कुणाकडे शिकता ते सांगा आणि एकच प्रश्न विचारा. ‘रियाज कसा करावा?’ हा प्रश्न नको, त्याला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. ‘विलंबितात तुम्ही मुखडा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललात, ते कसं ठरवता?’ असा, त्याच दिवशीच्या गाण्यातला प्रश्न विचारा. असं विचारलं की कलाकार थांबतात, कधी कधी म्हणूनही दाखवतात. तबलजींनाही नमस्कार करायला विसरू नका. सम तर तुम्हाला त्यांनीच दाखवलेली असते.

टप्पा १० : त्याच रात्री, आणि पुढचे आठ दिवस

परतीच्या बसमध्ये हेडफोन लावू नका. दुसरं गाणं कानात गेलं की आताचं पुसलं जातं. मुखडा मनात घोळवत या. घरी आल्यावर झोपण्याआधी दहा मिनिटं वही घ्या आणि तारीख, ताल, समेचं अक्षर, थांबण्याचा स्वर, दोन-तीन तुकडे एवढं नीट उतरवा. सकाळी हे निम्मं राहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशीच्या रियाजात त्यातला एकच तुकडा घ्या. तंबोऱ्यावर सावकाश, आपल्या पट्टीत. ऐकलेल्या कलाकाराचा आवाज काढायचा प्रयत्न करू नका. वीस वर्षांच्या तयारीची तान आठ दिवसांत गळ्यात उतरवायला गेलेली मुलं घसा बसवून घेतात, हे मी दर हिवाळ्यात बघते.

आठवड्याच्या आत तो तुकडा गुरुजींना म्हणून दाखवा. ‘मी असं ऐकलं, बरोबर आहे का?’ असं विचारायचं. कधी ते स्वर दुरुस्त करतील. कधी म्हणतील, आपल्याकडे ही जागा अशी घेत नाहीत. दोन्ही लिहून ठेवा. आणि बैठकीत ऐकलेली बंदिश परस्पर स्नेहसंमेलनात किंवा स्पर्धेत गाऊ नका. शब्द अर्धे ऐकलेले असतात, अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) बहुतेक निसटलेला असतो. ती रीतसर शिकायची असेल तर वहीतलं पान गुरुजींसमोर ठेवा. पूर्ण बंदिश ते देतील, किंवा ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तुम्हाला पाठवतील.